अमावास्येचं रेडियम

१

मेलेला माणूस नोंदी ठेवत नाही, हा निसर्गाचा अढळ नियम आहे. डोंबिवलीत तो २८ नोव्हेंबर १९५४ रोजी सकाळी नऊ वाजेपर्यंत पाळला जात होता.

नऊ वाजता चित्रा मेहेंदळे हिने वडिलांच्या खोलीचं कुलूप काढलं. प्रोफेसर त्र्यंबक मेहेंदळे तीन तारखेला दुपारी वारले. खोलीला कुलूप तेव्हाच लागलं होतं. आज तेराव्यालाही तेरा दिवस उलटले होते, आणि चित्रा फक्त वही घ्यायला आत शिरली होती. टेबलावर यंत्र, यंत्राशेजारी वही, वहीवर टाक. सगळं जागच्या जागी. तिने शेवटचं लिहिलेलं पान उघडलं.

"२७ नोव्हेंबर. संध्या. ७. मिनिटे १४, सेकंद १८. आकाश स्वच्छ."

अक्षर बाबांचं. सातची मागे वळलेली शेपटी बाबांची, आठचं फाटकं पोटही बाबांचंच. चित्राने वही मिटली, पुन्हा उघडली. सत्तावीस तारीख होती तिथेच होती.

पोलिसांत जाण्याचा विचार तिने केला नाही असं नाही. पण जाऊन सांगायचं काय? वडील मरूनही कामावर वेळेत हजर होतात, अशी तक्रार द्यायची? तिने समोरच्या परशुराम दातारांना बोलावलं.

२

परशुराम दातार हे सरकारी नोकरीत तीस वर्षं पावसाचे आकडे तपासत असत. तालुक्या-तालुक्यांतून पर्जन्यमापकाच्या नोंदी यायच्या. त्यांतला आभाळातून पडलेला पाऊस कुठला आणि कारकुनाने ओसरीत बसून पाडलेला कुठला, हे ओळखणं एवढंच त्यांचं काम. खोट्या पावसाला शून्य आणि पाच फार आवडतात, हे तीस वर्षांत त्यांना कळलेलं एकमेव शास्त्रीय सत्य होतं. निवृत्तीनंतर त्याचा उपयोग भाजीवालीचं वजन तपासण्यापलीकडे झाला नव्हता.

त्यामुळे ते तातडीने आले. आत पाऊल टाकल्यावर मात्र उंबऱ्याशीच थांबले. यंत्राला दमट हवा लागू नये म्हणून ठेवलेल्या कळीच्या चुन्याचा कोरडा वास होता. कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीची बैठक माणूस नुकताच उठून गेल्यासारखी खचलेली होती. खुंटीवर इस्त्रीचा काळा कोट होता. दारामागे प्रोफेसरांच्या हातची पाटी: "या खोलीत कंदील, स्टोव्ह, विडी, सिगरेट आणू नये."

"हे यंत्र करतं काय, ते मला पावसाच्या भाषेत सांग," दातार म्हणाले.

चित्राने सांगितलं. ती कल्याणच्या मुलींच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे अडाण्यांना सांगायची सवय होती. "काचेच्या पेटीत सोन्याचं पातळ पान आहे. लोकरीवर घासलेली कांडी टेकवली की पानाला विजेचा भार मिळतो आणि ते फाकतं. खाली जुन्या जहाजी घड्याळाची तबकडी आहे, तिच्यावर रेडियम. रेडियममुळे हवा तो भार वाहून नेते आणि पान हळूहळू खाली येतं. किती वेळात येतं ते मोजायचं. वेळ बदलला, तर रेडियमच्या झिजण्याचा वेग बदलला."

"आणि तो बदलतो?"

"बदलत नाही, असं पुस्तकात आहे. बाबांचा पुस्तकावर विश्वास होता, पण तपासल्याशिवाय नाही. अकरा वर्षं रोज सातला तपासत होते. पहिली सात वर्षं चौदा मिनिटं, काही सेकंद इकडेतिकडे. लोक हसायचे. कॉलेजात त्यांना 'पानपट्टीवाले' म्हणायचे."

"मग?"

चित्रा खिडकीकडे बघत म्हणाली, "पन्नास साली दिवाळीत आई गेली. लक्ष्मीपूजनाला, अमावास्येच्या संध्याकाळी. पुढच्या अमावास्येला पान नऊ मिनिटांत पडलं. मग दर अमावास्येला नऊच. एकोणपन्नास अमावास्या, काका. एक चुकली नाही."

दातारांनी नकळत कॉलर सारखी केली.

"त्यांनी कधी आईचं नाव काढलं नाही. चंद्राचा परिणाम म्हणायचे. पण अमावास्येला दुपारीच दाढी करायचे आणि हा कोट घालून खुर्चीत बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, नोंद महत्त्वाची आहे."

"आता घाई कसली आहे?"

"मुंबईच्या एका विज्ञानसंस्थेची कमिटी तेरा डिसेंबरला बसतेय. बाबांचं काम छापायचं की नाही ते ठरणार. मूळ वही दहापर्यंत पोचायला हवी. आणि त्या वहीत मेलेल्या माणसाच्या नोंदी आहेत. ही पानं खोटी म्हटली, की अकरा वर्षं खोटी. मग बाबा कायमचे पानपट्टीवाले."

"खोलीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या पर्समध्ये. एक घरात."

"घरात म्हणजे कुठे?"

"घरात म्हणजे..." चित्रा अडखळली. "घरात."

तेवढ्यात विमलाबाई चहा घेऊन आल्या. त्या प्रोफेसरांची धाकटी बहीण, साठीच्या. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेल्या. त्यांनी कप ठेवले, टेबलावरची धूळ पदराने टिपली आणि गेल्या. दातार वही तपासायला घरी घेऊन निघाले.

३

पहिला संशय बाळ कानिटकरवर घेणं सोयीचं होतं. तो प्रोफेसरांचा जुना विद्यार्थी, ठाण्याला राहणारा, आता स्वतः लेक्चरर. वही स्वतःच्या नावावर छापण्याची इच्छा त्याने दोनदा बोलून दाखवली होती, एकदा तर प्रोफेसरांच्या दहाव्यालाच.

"मी कशाला लिहीन?" सुपारी कातरत बाळ म्हणाला. "अहो दातारसाहेब, खोट्या नोंदी करायच्याच, तर मी त्यांतून काहीतरी सिद्ध तरी केलं असतं. चौदा-अठरा, चौदा-बारा, चौदा-एकवीस... असले मचूळ आकडे फुकट कोण बनवतो?"

"अक्षर सरांचं आहे."

"सरांचं अक्षर मी चार वर्षांत पाहिलं नाही. पत्रं आली की मलाच वाचायला लावायचे. म्हणायचे, बाळ, तुझे उच्चार चांगले आहेत. सही करताना बोट ठेवून दाखवावं लागे कुठे करायची ती. म्हातारपणी माणसं लाडावतात." बाळने सुपारी तोंडात टाकली. "एक सांगू? त्या घरात मी सातनंतर थांबत नाही. अमावास्येला तर नाहीच. मी फिजिक्सचा माणूस आहे, माझा कशावर विश्वास नाही. पण थांबत नाही."

त्या दिवशी दातार घरी बसून आकड्यांवरून नख फिरवत राहिले. मेल्यानंतरच्या नोंदी बावीस. शेवटच्या आकड्यांत शून्य दोनदा, पाच दोनदा, तीन तीनदा, सात तीनदा. ढगाळ दिवशी दहा-बारा सेकंदांचा फरक. ओसरीत बसून पाडलेल्या पावसाला एवढी अक्कल नसते. त्यांनी पेन्सिल ठेवली.

या नोंदी कुणी बनवलेल्या नव्हत्या. रोज सातला कुणीतरी त्या बंद खोलीत खरोखरच पान पडताना पाहिलं होतं.

आणि पंचवीस तारखेला, कार्तिकातल्या अमावास्येला, ते नऊ मिनिटं चार सेकंदांत पडलं होतं.

४

मेहेंदळ्यांच्या परसामागून मानपाड्याकडे जाणारी वाट होती आणि वाटेपलीकडे काळुराम पाटलाचं शेत. काळुराम बांधावर बसून होता. आपल्याला कधी विचारतात याची तो आठवडाभर वाट पाहत होता.

"मना ठावं हाय कोन येतं ते," तो म्हणाला. "मास्तरीनबाय येते."

"तू पाहिलंस?"

"दिवा बगलाय ना! रोज खिडकीत बॅटरीचा उजेड असतो, पांढरा. आवसेला त्याच्याबरूबर पिवला. लहान, हालता. चार वरसां बगतोय. बाय मेली तवापासून."

"आणि मास्तर मेल्यावर?"

"तवा पन. मंग मी बायकोला बोल्लो, आता दोघां बसत असतील." काळुरामने हात जोडून खिडकीकडे नमस्कार केला. "चांगला मानूस व्हता. निस्ता डोल्यांनी गेलेला. बांधावरनं पडायचा म्हनून मीच हात धरून नेयाचो. सांगायचा, कालुराम, पोरीला बोलू नको."

दातार उठता उठता पुन्हा बसले.

"डोळ्यांनी गेला होता म्हणजे?"

"म्हंजे मोतीबिंदू. मना वलखायचा तो आवाजावरून."

दातार परतले तेव्हा सात वाजायला आले होते. त्यांनी खिडकीकडे न बघायचं ठरवलं, आणि बघितलं. खिडकीत पांढरा उजेड होता. चित्रा तर शिकवण्या आटोपून कल्याणहून आठला येते. अंगावर आलेला काटा थंडीचा आहे असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि परसदारातून आत न जाता, सभ्य माणसासारखे, घरी पळाले. ज्या माणसाला काचेच्या पेटीतलं पान दिसणं शक्य नव्हतं, त्याने चार वर्षं रोज ते सेकंदापर्यंत मोजलं होतं. जिवंतपणीही.

५

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पाच डिसेंबर. चित्रा घरी होती. दातारांनी वही तिच्यापुढे उघडून ठेवली.

"लिहिलेलं आपण दोघांनी पाहिलं," ते म्हणाले. "आता न लिहिलेलं बघू. ही जागा. त्रेपन्न सालचा जानेवारी, वीस ते तीस. अकरा दिवस कोरे. बाबा कुठे गेले होते?"

"कुठेच नाही. घरीच होते, नुसते धुमसत होते. जेवणावरून माझ्याशी भांडले." चित्रा आठवू लागली. "स्वयंपाक मी करत होते ना. आत्या कल्याणला गेली होती, जयाच्या बाळंतपणाला."

"बरं. आता ही जागा. या नोव्हेंबरातली तीन, चार आणि पाच. तीन दिवस कोरे. सहा तारखेपासून नोंदी सुरू."

"तीनला बाबा गेले."

"हो. मग तीनच दिवस का? भूत असतं तर त्याला सुट्टी कशाला हवी? बाळला सुतक नाही, काळुरामला नाही. तुझं लग्न झालेलं नाही, तुला पुरे दहा दिवस. भाऊ गेल्यावर तीन दिवस कोण पाळतं, चित्रा?"

स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज जवळ येत गेला. विमलाबाई चहा घेऊन आल्या.

"आत्याबाई," दातार म्हणाले, "तुम्हाला सुतक किती दिवसांचं होतं?"

"तीन." विमलाबाईंनी बशी सरळ केली. "मी गाडग्यांची ना. परगोत्राची."

सेहेचाळीस वर्षं त्या याच घरात राहत होत्या. त्यांचा बदललेला पत्ता शास्त्राला कुणी कळवला नव्हता.

"आणि सहा तारखेला?"

"सहाला सातची नोंद घेतली. पुढे तुम्ही सगळे बसलेले, मागे मी गेलेली कुणाला दिसते? तीन दिवस बुडाले याचं वाईट वाटलं. दादाला एक बुडालेला खपत नसे. वही तुम्ही नेलीत, तेव्हापासून नुसतं बघते."

"आत्या!" चित्रा उभी राहिली. "तू? आणि बाबांचं अक्षर?"

"त्याचं कुठलं? माझंच आहे ते. मला अक्षरं दादानेच शिकवली. तो लिहून द्यायचा, मी वरून गिरवायची. दुसरं वळण मला येतच नाही." त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडून किल्ली टेबलावर ठेवली. "पन्नासच्या गणपतीत त्याला पान दिसेना. म्हणाला, विमल, तू बघ, मी घड्याळ धरतो. पुढे घड्याळही दिसेना. चित्राला सांगू नको म्हणाला. लिहिणारा मी नाही हे कळलं, तर वाचणार कोण?"

"पण ते गेल्यावर तू कशाला घेत राहिलीस?"

विमलाबाईंना प्रश्न समजला नाही. "थांबव असं कुठे म्हणाला तो?"

"मग आठवडाभर आम्ही विचारतोय, तेव्हा सांगायचं नाही?"

"मला कुठे विचारलंत? तुम्ही म्हणत होता, खोलीत कोण येतं, कोण येतं. मला वाटलं, परका कुणी शिरत असेल, त्याचा शोध चाललाय. मी आपली रात्री कड्या दोनदा बघायची."

दातारांनी चहाचा एक घोट घेतला. तो गार झाला होता. अजून एक प्रश्न उरला होता, आणि तो न विचारता घरी जावं असं त्यांना फार वाटत होतं.

"आत्याबाई, अमावास्येला खिडकीत काय लावता?"

"पणती," विमलाबाई म्हणाल्या. "तुपाची. वहिनी अंधाराला भ्यायच्या."

६

सातला तिघंही खोलीत होती. विमलाबाईंनी कांडी शालीवर घासली, बॅटरी धरली, पेटीच्या भिंगाला डोळा लावला. चौदा मिनिटं, पंधरा सेकंद. मग दातारांनी त्यांना अमावास्या समजून पणती लावायला सांगितलं. त्यांनी तिथी नसताना लावायला कुरकुर केली, पण लावली. खिडकीच्या फळीवर, पेटीपासून हातभर. ज्योत हलली, भिंतीवर खुर्चीची सावली हलली, आणि चित्राने आत्याचा हात धरला.

नऊ मिनिटं, सहा सेकंद.

"ज्योतीतून भार वाहणारे कण निघतात," चित्रा हळू म्हणाली. "नववीला शिकवते मी हे. म्हणून तर दारावर पाटी लावली होती त्यांनी. तू वाचली नाहीस?"

"रोज वाचते. कंदील नाही, स्टोव्ह नाही, विडी नाही, सिगरेट नाही. पणतीचं नाव आहे का बघ त्यात."

नव्हतं. स्वर्गवासी माणसासाठी लावलेल्या पणतीला जळत्या वस्तूंत धरण्याचं प्रोफेसरांनाही सुचलं नव्हतं.

"बाबांना सांगितलं होतंस पणतीचं?"

"नाही. रडला असता."

"आणि नऊ मिनिटं म्हटल्यावर ते काय म्हणायचे?"

"काही नाही. 'बरं' म्हणायचा. मग म्हणायचा, तू जा, मी बसतो जरा. मी पणती तशीच ठेवून जायची. परत यायची तेव्हा विझलेली असायची आणि हा कोट घालून तसाच बसलेला."

चित्राने बराच वेळ ज्योतीकडे पाहिलं. "त्यांना तुपाचा वास आला नसेल?"

"डोळे गेले होते," विमलाबाई म्हणाल्या. "नाक शाबूत होतं. आमटीत हिंग कमी पडला तर कळायचं त्याला."

वेताची खुर्ची उगाचच एकदा करकरली, थंडीत वेत करकरतोच. दातार खोलीबाहेर आले. चित्रा त्यांच्यामागून आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"एक पान आहे, चित्रा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "शेवटचं. ते काढलं की वही तीन नोव्हेंबरच्या आधीच संपते. अक्षर शेवटपर्यंत एक. पणतीचं तिघांना माहीत, काळुरामचं कमिटी ऐकणार नाही. चंद्राने रेडियम झिजतं, शोधक त्र्यंबक मेहेंदळे. जगभर छापलं जाईल. खोटं म्हणून सिद्ध व्हायला वीस वर्षं लागतील. तोवर आपण कुठे असणार?" तीस वर्षं खोटा पाऊस पकडणारा माणूस हे बोलत होता, आणि ते त्यालाही ऐकू येत होतं.

"आणि त्यांनी तो वास घेऊनही आकडा लिहायला लावला असेल तर?"

"ते कुणाला कळणार?"

"मला," चित्रा म्हणाली. "अकरा वर्षं ते एकच गोष्ट तपासत होते, काका. ती बदलते की नाही. बदलत नाही, हे उत्तर त्यांच्याकडे सात वर्षांतच होतं. पुढची चार वर्षं त्यांना ते नको होतं. मी त्यांचं पहिलं उत्तर पाठवते."

तिने रात्री बसून पत्र लिहिलं. ऑगस्ट १९५० पर्यंतची निरीक्षणं प्रोफेसर मेहेंदळे यांची. त्यानंतरची, त्यांच्या मृत्यूनंतरच्या बावीस नोंदींसह, श्रीमती विमलाबाई गाडगे यांची. दोघांचं अक्षर एक असण्याचं कारण सोबत. अमावास्येच्या पन्नास नोंदी खोलीत ज्योत असल्यामुळे रद्द समजाव्यात. उरलेल्या चार हजारांहून अधिक नोंदींत रेडियमच्या झिजण्याचा वेग कुठेही बदललेला दिसत नाही. ती पत्र वाचून दाखवत होती तेव्हा विमलाबाईंनी आपलं नाव दोनदा वाचायला लावलं. नाव छापून येणार का, असं त्यांनी विचारलं. येईल, चित्रा म्हणाली. त्या उठून पणती विझवायला गेल्या.

दहा तारखेला दातार स्वतः वही मुंबईला पोचवून आले. जाताना त्यांनी ती धोतराच्या फडक्यात बांधली होती आणि येताना रिकामं फडकं घडी घालून खिशात ठेवलं होतं. वही मिळाल्याची पावती शिक्क्यासह होती. चित्राने तेरा तारखेला शाळेतून रजा टाकली. विमलाबाईंनी शिरा केला.

तेरा डिसेंबरची कमिटीची सभा पाचपैकी दोनच सभासद आल्यामुळे तहकूब झाली. पुढे ती घेण्यात आली नाही.